करणारा आणि लिहिणारा

एखाद्या डॉक्टरने रुग्णाचा जीव घेतल्याचे उघडकीस येते, तेव्हा आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, कुंपणानेच शेत खाल्ले. दुसरे, इतका शिकलेला, रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस असे करूच कसा शकतो? पहिल्यात संताप आहे, दुसऱ्यात अचंबा. पण दोन्हींची नजर त्या माणसावरच खिळलेली असते. त्याचे बालपण, त्याचा स्वभाव, कुणाला कधी काही खटकले होते का, याचा काथ्याकूट महिनोन्महिने चालतो आणि हाती फारसे काही लागत नाही. विश्वासातल्या माणसांनी केलेल्या हत्यांकडे समाज कसा पाहत आला, याचा मागोवा घेतला तर वेगळेच चित्र दिसते. गाजलेल्या प्रकरणांत गुन्हेगार पकडला गेला तो त्याचे मन ओळखल्यामुळे नव्हे, तर एखाद्या कागदामुळे, नोंदीमुळे किंवा मोजणीमुळे. आणि जिथे तो वर्षानुवर्षे सुटत राहिला, तिथे एकच दोष पुन्हा पुन्हा आढळतो: ज्याने कृती केली त्यानेच तिची नोंदही केली, आणि ती नोंद दुसऱ्या कुणी डोळसपणे वाचली नाही.

डॉक्टरला समाज तीन गोष्टी देतो. घरात, थेट आजाऱ्याच्या खाटेपर्यंत जाण्याची मुभा देतो. एरवी ज्याला विष म्हटले जाईल ते औषध म्हणून वापरण्याचा अधिकार देतो. आणि माणूस कशाने गेला हे लिहिण्याचा हक्क देतो. पहिल्या दोन अधिकारांबद्दल समाज प्राचीन काळापासून सावध आहे. तिसऱ्याबद्दल मात्र फार उशिरा जागा झाला, कारण कागदावर सही करणे हे कुणाला सामर्थ्य वाटतच नाही, ते कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात इतर खुन्यांना प्रेताची विल्हेवाट लावावी लागते, पुरावा नष्ट करावा लागतो, पळावे लागते. मृत्यूचा दाखला ज्याच्या हातात आहे त्याला यातले काहीच करावे लागत नाही. ‘हृदयविकार’ किंवा ‘वार्धक्य’ एवढा शब्द लिहिला की खुनाचा नैसर्गिक मृत्यू होतो आणि नातेवाईकच त्या डॉक्टरचे आभार मानतात.

प्राचीन समाजांनी या धोक्यावर काढलेला उपाय म्हणजे शपथ. ग्रीक परंपरेत हिपोक्रॅटिसच्या नावाने ओळखली जाणारी शपथ मागितले तरी विष देणार नाही असे वदवून घेते. आपल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या शिष्याला गुरूने अग्नीच्या साक्षीने करायचा उपदेश आहे. रुग्णाचा द्रोह प्राणावर बेतले तरी करू नये, त्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे तो सांगतो. त्यातच एक वेगळ्या जातीचे कलम आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. रुग्णाच्या घरात शिरताना वैद्याने ओळखीच्या, आत जाण्याची परवानगी असलेल्या माणसासोबत जावे, असे चरक म्हणतो. म्हणजे वैद्य कितीही सच्छील असला तरी आजाऱ्याजवळ त्याने एकट्याने असू नये. कौटिल्य तर शपथेच्या भानगडीतच पडत नाही. अर्थशास्त्राच्या कंटकशोधन अधिकरणात त्याने वैद्याला विणकर, परीट, सोनार यांच्या रांगेत बसवले आहे आणि जिवाला धोका असलेल्या रोगावर कळवल्याशिवाय उपचार केले आणि रुग्ण दगावला तर दंड सांगितला आहे. पुढे अचानक मेलेल्या माणसाच्या प्रेताची तपासणी कशी करावी, यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. चारित्र्यावर भिस्त ठेवावी की कळवण्याच्या बंधनावर, हे दोन विचार असे जुनेच आहेत. व्यवहारात मात्र शेकडो वर्षे चलती राहिली ती शपथेची.

एकोणिसाव्या शतकाने शपथेच्या जोडीला विज्ञान आणले. विष शरीरात खूण ठेवतेच आणि रसायनशास्त्रज्ञ ती शोधून काढतो, असा आत्मविश्वास तेव्हा युरोपभर होता. त्याला पहिला मोठा धक्का विल्यम पामर या इंग्लिश डॉक्टरने दिला. स्टॅफर्डशायरमधल्या रुजली गावचा हा डॉक्टर घोड्यांच्या शर्यतींच्या नादाने कर्जात बुडाला होता. नोव्हेंबर १८५५ मध्ये त्याचा मित्र जॉन पार्सन्स कुक शर्यतीत मोठी रक्कम जिंकला आणि काही दिवसांत पामरच्या देखरेखीखाली झटके येऊन मेला. ऐंशी वर्षांच्या एका जुन्या डॉक्टरने अ‍ॅपोप्लेक्सी, म्हणजे मेंदूचा आघात, असे कारण लिहून दाखला दिला. पुढे शवविच्छेदन झाले, तेव्हा खुद्द पामर त्या खोलीत हजर होता, कारण तो डॉक्टर होता आणि मृताचा मित्रही होता. जठर उघडणाऱ्याला त्याचा धक्का लागला आणि आतला काही द्रव सांडला. नमुन्याची बरणी लंडनला निघाली तेव्हा ती नेणारी घोडागाडी उलटवण्यासाठी त्याने गाडीवानाला पैसे देऊ केले. शेवटी विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना संशय असलेले स्ट्रिक्नीन हे विष सापडलेच नाही. १८५६ साली पामर फासावर गेला तो लक्षणांच्या वर्णनावर, विषखरेदीच्या साक्षीवर आणि त्याच्या वागणुकीवर. ज्याच्यावर संशय असू शकतो तोच तपासणीच्या टेबलाशी उभा होता, हे या खटल्याचे खरे सार होते. पण तो धडा कुणी घेतला नाही.

त्या काळच्या कायद्यांकडे पाहिले की असे का झाले ते कळते. १८५१ च्या इंग्लंडमधल्या आर्सेनिक कायद्याने सोमल विकताना गिऱ्हाइकाचे नाव आणि सही नोंदवहीत घेणे सक्तीचे केले; डॉक्टरच्या चिठ्ठीवर तयार होणारे औषध मात्र वगळले. १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने पात्र डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि ती सांभाळणारी परिषद स्थापन झाली. हा कायदा आवश्यकच होता, पण त्याचा रोख भोंदू आणि शिकलेला यांच्यातला फरक दाखवण्यावर होता. नोंदणीपुस्तकात नाव असणे म्हणजे सभ्य गृहस्थ असणे, आणि सभ्य गृहस्थाच्या शब्दावर प्रश्न विचारायचा नसतो. ही धारणा विसाव्या शतकातही टिकली. ईस्टबोर्नचा डॉ. जॉन बॉडकिन अ‍ॅडम्स याचे नाव शंभराहून अधिक रुग्णांच्या मृत्युपत्रांत होते. १९५७ साली खुनाच्या आरोपातून ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. त्याच वर्षी खोट्या औषधचिठ्ठ्या आणि दहनाच्या अर्जावरील खोटी विधाने याबद्दल मात्र तो दोषी ठरला. मृत्युपत्रात तुमचे नाव आहे का, हा प्रश्न त्या अर्जात विचारलेला असे. त्याचे खोटे उत्तर लिहिणे त्याला इतकी वर्षे जमले, याचा अर्थ ते उत्तर कुणी पडताळून पाहत नव्हते.

याच सुमारास आपल्याकडे, पुण्यात, असाच एक खटला उभा राहिला आणि भारतीय कायद्याच्या विद्यार्थ्याला तो आजही अभ्यासावा लागतो. डॉ. अनंत चिंतामण लागू हा पुण्यातला डॉक्टर. त्याच्या ओळखीतली, मधुमेहाची रुग्ण असलेली एक मालमत्ताधारक विधवा त्याच्या सल्ल्याने चाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये तो तिला रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन निघाला. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. त्याने तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले, पण तिचे नाव वेगळेच लिहवले. काही तासांत ती गेली. शवविच्छेदन व्हावे असे रुग्णालयात सुचवले गेले होते. ते झाले नाही, आणि मधुमेहजन्य बेशुद्धी हे कारण कागदावर गेले. बेवारस म्हणून देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे पोहोचला. तिथे शंका आल्यावर उशिरा शवविच्छेदन झाले, तेव्हा रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. मधल्या काळात इकडे तिच्या नावाने नातेवाइकांना पत्रे येत राहिली: मी सुखरूप आहे, पुन्हा लग्न केले आहे, शोध घेऊ नका. तिचे शेअर आणि बँकेतले पैसे मात्र डॉक्टरच्या हाती येत होते.

डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याची शिक्षा कायम केली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला, तर न्या. सरकार यांनी भिन्न मत नोंदवले. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे, की विषाचा अंश प्रत्यक्ष सापडलाच पाहिजे असा हट्ट धरला तर विषांचे ज्ञान असलेला माणूस कायमचा सुटेल. म्हणून आरोपीचे आधीचे आणि नंतरचे वागणे, खोटी नावे, खोटी पत्रे, हे सगळे मिळून पुरावा ठरू शकते. भिन्न मतातली शंकाही पोकळ नव्हती. मृत्यू नैसर्गिक नव्हताच हे निःसंशय सिद्ध न होता वागणुकीवरून खून गृहीत धरावा का, हा प्रश्न वजनदार आहे. पामरच्या खटल्यानंतर शंभर वर्षांनी न्यायालय एक पाऊल पुढे आले होते. विज्ञान गप्प बसले तरी कागद बोलतात, हे मान्य झाले. पण कागद वाचायचे कधी, तर माणूस गेल्यावर आणि संशय आल्यावर. संशय येण्याआधीच कागद वाचले जावेत, हा विचार अजून कुणाच्या डोक्यात नव्हता. रुग्णालयात पहिल्याच दिवशी, कुणावरही आरोप न करता, ते शवविच्छेदन झाले असते तर सर्वोच्च न्यायालयालाही एकमत होणे कदाचित इतके अवघड गेले नसते.

या विचाराला कलाटणी मिळाली ती हॅरॉल्ड शिपमन या इंग्लिश डॉक्टरमुळे, आणि तीही फार मोठी किंमत मोजून. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात १९७७ पासून तो प्रॅक्टिस करत होता. त्याआधी, १९७६ साली, पेथिडीन या वेदनाशामकासाठी खोट्या चिठ्ठ्या केल्याबद्दल त्याला दंड झाला होता. वैद्यकीय परिषदेने ताकीद देऊन विषय संपवला. पुढे तो हाइडमधला सर्वांत लोकप्रिय डॉक्टर झाला. म्हाताऱ्या माणसांच्या घरी तो स्वतः जाई, त्यांच्याशी गप्पा मारी. दुपारच्या वेळी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, पूर्ण कपड्यांत, खुर्चीत बसलेल्या अवस्थेत मृत सापडत, आणि त्या दिवशी डॉक्टर येऊन गेलेले असत. डायमॉर्फिन, म्हणजे वैद्यकीय वापरातले हेरॉइनच, हे त्याचे हत्यार. हे औषध त्याच्याकडे यायचे कुठून? कर्करोगाने मेलेल्या रुग्णांचे उरलेले, आणि गरजेपेक्षा जास्त लिहून दिलेले. १९७६ च्या प्रकरणानंतर आपण असली औषधे जवळ बाळगत नाही असे त्याने सांगितले होते. म्हणून त्याच्याकडे नोंदवही नव्हती. नोंदवही नाही म्हणून तपासणीही नाही.

कागदावर तर इंग्लंडची व्यवस्था कडक होती. दहन करायचे असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरची एक सही, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरची दुसरी, आणि दहनगृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची तिसरी. पण दुसरा डॉक्टर बहुधा शिपमनशीच बोले, नातेवाइकांशी नाही. आणि तिसरा अधिकारी पहिल्या दोघांचे अर्ज वाची. सह्या तीन, माहिती देणारा मात्र एकच. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी, अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांच्या कुजबुजीला दुजोरा देत, शिपमनचे रुग्ण प्रमाणाबाहेर मरत आहेत असे कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवले. पोलिसांनी चौकशी केली आणि काही आठवड्यांत गुंडाळली. त्यांनी त्याची जुनी शिक्षा तपासली नाही. आरोग्य प्रशासनाच्या डॉक्टरने काही मृतांच्या उपचारांच्या नोंदी पाहिल्या आणि त्या सुसंगत वाटल्या. वाटणारच, कारण त्या शिपमननेच लिहिल्या होत्या. त्यानंतर त्याने आणखी तिघींना मारले. जून १९९८ मध्ये एका एक्याऐंशी वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूनंतर तिची मालमत्ता डॉक्टरला देणारे मृत्युपत्र निघाले. ते इतके ओबडधोबड टाइप केलेले होते की वकील असलेल्या मुलीला ते पाहताक्षणी खोटे वाटले. प्रेत पुन्हा बाहेर काढले, त्यात मॉर्फिन सापडले. मग त्याच्या दवाखान्यातला संगणक तपासला गेला. रुग्णांना आधीपासून आजार होता असे भासवण्यासाठी त्याने मागच्या तारखा घालून लिहिलेल्या नोंदी प्रत्यक्षात कधी टाकल्या गेल्या, त्याची खरी तारीख आणि वेळ यंत्राने स्वतःहून जपून ठेवली होती. त्याला ते ठाऊकच नव्हते. वीस वर्षांत त्याच्या लिखाणाची पडताळणी करणारी पहिली साक्षीदार ती हार्ड डिस्क होती.

जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली आणि २००४ साली त्याने तुरुंगात आत्महत्या केली. डेम जेनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने २१५ खून निश्चित मानले आणि पुढे एकूण आकडा सुमारे २५० असावा असा अंदाज दिला. इतके खून त्याने का केले, याचे समाधानकारक उत्तर आयोगालाही मिळाले नाही. किशोरवयात कर्करोगाने मरणाऱ्या आईला मॉर्फिनची इंजेक्शने दिली जाताना त्याने पाहिले होते, ही गोष्ट पुष्कळांनी मांडली. पण अशी आई लाखो मुलांनी पाहिलेली असते. पैसा म्हणावे तर शेवटचे मृत्युपत्र सोडता तोही दिसत नाही. आयोगाचे महत्त्व इथेच आहे. ‘का’ या प्रश्नाने वाट अडली तरी ‘कसे शक्य झाले’ या प्रश्नावर त्याने वर्षानुवर्षे काम केले. आयोगाची शिफारस अशी, की प्रत्येक मृत्यूचे कारण उपचार न करणाऱ्या स्वतंत्र वैद्यकाने तपासावे आणि नातेवाइकांना विचारावे. अशा औषधांच्या साठ्याची तपासणी व्हावी, परिषदेने डॉक्टरला एकदा नोंदवून मोकळे होऊ नये. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगेलहाल्टर यांनी दाखवून दिले, की प्रत्येक डॉक्टरच्या रुग्णांच्या मृत्यूंची साधी तुलना होत असती, तर शिपमनचे नाव १९८४ च्या सुमारासच वर आले असते. त्या अर्थाने त्याचे बहुतेक बळी व्यवस्थेला वाचवता आले असते.

यानंतर अमेरिका आणि जर्मनीतल्या दोन प्रकरणांनी याच विचाराला आणखी एक बाजू जोडली. चार्ल्स कलन या नर्सने न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या अनेक रुग्णालयांत सोळा वर्षे नोकरी केली आणि अखेर एकोणतीस खुनांची कबुली न्यायालयात दिली. एकामागून एक रुग्णालयांना त्याच्याबद्दल शंका आली. प्रत्येकाने चौकशीपेक्षा त्याला घालवणे सोयीचे मानले आणि बदनामीच्या दाव्याच्या भीतीने पुढच्या रुग्णालयाला काही कळवले नाही. २००३ मध्ये तो सापडला तो औषधे देणाऱ्या स्वयंचलित कपाटाच्या नोंदींवरून. तो एखादे औषध मागवी आणि लगेच मागणी रद्द करी, पण तोपर्यंत खण उघडलेला असे. जर्मनीत नील्स ह्योगेल या नर्सला ओल्डनबर्गच्या रुग्णालयाने चांगले प्रशस्तिपत्र देऊन निरोप दिला आणि तो पुढे डेल्मेनहोर्स्टला तेच करत राहिला. २०१९ मध्ये पंच्याऐंशी खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. शिपमनच्या बाबतीत वाचणाराच नव्हता. इथे वाचणारे होते, त्यांना कळलेही होते, आणि त्यांनी पुढे लिहिले नाही. न्यू जर्सीने २००५ साली कायदा करून रुग्णालयांवर कळवण्याचे बंधन घातले. कौटिल्याने वैद्यावर टाकलेले बंधन आता संस्थेवर आले.

या सगळ्यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: असे डॉक्टर किती? लाखांत एखादा. त्याच्यासाठी बाकीच्यांकडे चोराच्या नजरेने का पाहायचे? खरे तर १९७१ साली इंग्लंडमधल्या ब्रॉड्रिक समितीने जवळजवळ हेच म्हटले होते. गुपचूप खून दडपले जाण्याची भीती अवास्तव आहे, तेव्हा दुसऱ्या सहीची कटकट कमी करावी, असा तिचा कल होता. चारच वर्षांनी शिपमनच्या पहिल्या खुनाची तारीख येते. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे उत्तर वेगळे आहे. एखाद्याकडे संशयाने पाहणे हा अपमान आहे. सगळ्यांचे काम सारख्याच नजरेने तपासणे हा अपमान नाही. बँकेतल्या रोखपालाची रोकड रोज मोजली जाते आणि त्याने कधी ते मनाला लावून घेतलेले नाही. उलट निवडक तपासणीच अपमानकारक असते, कारण ती सुरू होण्याआधी कुणाला तरी बोट दाखवावे लागते. डॉ. रेनॉल्ड्स यांच्यावर ती वेळ आली, कारण व्यवस्थेत मोजणारे कुणी नव्हते. सहकाऱ्यावर आरोप करण्याचे ओझे एका माणसाच्या सदसद्विवेकावर टाकण्यापेक्षा मोजणी नेहमीच्या कामाचा भाग करणे अधिक माणुसकीचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पहारा वाढला की डॉक्टर घाबरतात आणि त्याची झळ वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला बसते. भारताने हे भोगले आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे आणि शिक्षेचे भय इतके वाढले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनाशमनाविना गेले. कायद्यातल्या तरतुदी सैल व्हायला २०१४ साल उजाडले. म्हणून कशावर पहारा ठेवायचा याचा विवेक हवा. औषध देण्यावर अडथळे उभे करणे ही एक गोष्ट. दिलेल्या औषधाचा हिशेब आणि झालेल्या मृत्यूचे कारण दुसऱ्याने वाचणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिलीने डॉक्टरचा हात अडतो, दुसरीने फक्त त्याची नोंद उजेडात येते. प्रामाणिक डॉक्टरने मॉर्फिन दिले तर त्याला नोंदीचीच ढाल मिळते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे: मोजणीही चुकते. लुसिया दे बर्क या डच नर्सच्या पाळ्यांत जास्त मृत्यू झाले म्हणून तिच्यावर खुनाचा आरोप आला. हा योगायोग असण्याची शक्यता चौतीस कोटींत एक, असा आकडा न्यायालयासमोर आला आणि २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली. तो हिशेबच चुकीचा होता आणि त्यातले कित्येक मृत्यू नैसर्गिक होते. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. इंग्लंडमधल्या ल्युसी लेटबी या नर्सला २०२३ साली नवजात बालकांच्या हत्यांबद्दल दोषी ठरवल्यानंतरही वैद्यकीय पुराव्याच्या अर्थावरून तज्ज्ञांमध्ये वाद झडला. यातून मोजणी नको असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चूक आहे. आकड्याचे काम प्रश्न उभा करण्याचे. उत्तर देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले की निरपराध चिरडला जातो. शिवाय या दोन्ही प्रकरणांतला वाद मृत्यूनंतर पुष्कळ काळाने, आधीच बोट दाखवून झाल्यावर, जुनी कागदपत्रे चाळण्यातून उभा राहिला. प्रत्येक मृत्यू त्या-त्या वेळी, कुणाचेही नाव मनात न ठेवता, स्वतंत्रपणे तपासलेला असेल तर अपराध्याला लपता येत नाही, आणि निरपराधाला वाचवणारा कागदही आधीच तयार असतो. लागू खटल्यातल्या भिन्न मताची अडचणही असा कागद नसण्याचीच होती.

हे सूत्र डॉक्टरांपुरते नाही, हे दाखवणारा एक अलीकडचा दाखला आहे. मार्च २०२१ मध्ये लंडनच्या वेन कझन्स या सेवेतल्या पोलिसाने आपले ओळखपत्र आणि बेड्या वापरून सारा एव्हरार्ड या तरुणीला खोट्या अटकेच्या बहाण्याने गाडीत घातले आणि तिचा खून केला. पोलिसांनी त्यानंतर दिलेला पहिला सल्ला होता तो स्त्रियांना: एकट्या पोलिसाबद्दल शंका आली तर प्रश्न विचारा, पळा, बस थांबवा. म्हणजे तपासणीची जबाबदारी बळीवरच. त्यावर गहजब झाल्यावर नियम असा झाला, की साध्या वेशातल्या एकट्या पोलिसाने स्वतःहून नियंत्रण कक्षाला व्हिडिओ कॉल लावावा आणि तिथल्या गणवेशातल्या अधिकाऱ्याने त्याची ओळख पटवावी. वैद्याने ओळखीच्या माणसासोबतच घरात शिरावे, या चरकाच्या कलमाचेच हे नवे रूप.

इंग्लंडने शिपमनच्या अटकेनंतर शिकायला किती वेळ घेतला तेही पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांच्या कामाची ठरावीक काळाने फेरतपासणी २०१२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. प्रत्येक मृत्यूवर स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाची नजर सप्टेंबर २०२४ मध्ये कायद्याने सक्तीची झाली. अटकेपासून सव्वीस वर्षे. आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने झाला. मुंबईत संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर न्यायालय इंग्रजांच्या काळापासून होते. ते १९९९ मध्ये बंद झाले आणि काम पोलिसांकडे गेले. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणी नव्याने करताना पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट मागते; त्यात डॉक्टर किती परिषदांना बसला ते कळते, त्याचे रुग्ण कसे मरण पावले ते कळत नाही. आणि मुळात देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २०२० साली केवळ २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारणाचा दाखला होता. बाकीच्यांच्या बाबतीत कारण लिहिलेच गेले नाही, मग ते दुसऱ्याने वाचायचे कसे? आपल्याकडे शिपमन नाही, असे कुणी छातीठोकपणे म्हणू लागला तर त्याला एवढेच विचारावे, की ते त्याने कुठल्या नोंदीवरून ठरवले.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती रुग्णालयांना मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाला पाठवायला लावते आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत देते. या तरतुदीकडे बहुतेकांचे लक्ष गेलेले नाही. स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक आपल्याकडे यायला किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही, पण दुसरा वाचणारा कायद्याने आधीच नेमला आहे, आणि तो नातेवाईक आहे. घरातले कुणी गेले की इतर कागदांबरोबर हा कारणाचा दाखलाही फाइलमध्ये जातो. तो फाइलमध्ये जाण्यापूर्वी वाचा. कारण काय लिहिले आहे, ते घरच्यांनी पाहिलेल्या शेवटच्या दिवसांशी जुळते का, सही कुणाची आहे, हे पाहा. जुळत नसेल तर डॉक्टरला शांतपणे विचारा. हा अविश्वास नाही. ज्या डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहिले आहे तो उत्तर देईल, आणि आपले लिहिलेले वाचले जाते हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असणे एवढीच या सगळ्या इतिहासाची मागणी आहे.